कीबोर्डवरची बासरी, सतार, पेटी खोटी का वाटते? नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे उपाय

सांगली-मिरजेकडच्या ऑर्केस्ट्रात, भजनी मंडळात किंवा नाट्यगीतांच्या मैफलीत एक तक्रार हमखास ऐकू येते. बासरीचा टोन लावला, पण जत्रेतली पिपाणी वाजल्यासारखं वाटतं. सतारीचा टोन लावला तर डब्यावर ताणलेली तार छेडल्यासारखी टिणटिण येते. मग टोन बदलून बघतात, रिव्हर्ब वाढवतात, कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर 'ओरिजिनल टोन' आणून भरतात, आणि शेवटी कीबोर्डच बदलतात. महिनाभराने नव्या कीबोर्डवर तीच तक्रार. मिरजेत तर लपवाछपवीला जागाच नाही. जिथे सतारी आणि तंबोरे पिढ्यानपिढ्या बनतात, त्या गावातला श्रोता पहिल्या दोन सुरांत ओळखतो.

टोनचा दोष असतो, पण वाटतो तेवढा नसतो. कुठल्याही वाद्याच्या स्वराला सुरुवात असते, पोट असतं आणि शेवट असतो. हे तिन्ही सॅम्पलमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या तुकड्यात, बऱ्यापैकी उतरलेले असतात. उतरत नाही ती एका स्वरातून पुढच्या स्वरात जायची वाट. बासरीवाला भोकावरचं बोट हळूहळू उचलतो, सतारिया पडद्यावर तार ओढतो, पेटीवाल्याला यातलं काहीच करता येत नाही. कीबोर्डवाला मात्र तिन्ही वाद्यं पियानोसारखी पट्टी दाबून वाजवतो. बहुतेक तक्रारी इथून निघतात.

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा

मोठ्या स्पीकरवर ऐकून निदान करू नका. हेडफोन लावा, रिव्हर्ब आणि कोरस शून्यावर आणा, हार्मनी, ऑटो-अकम्पनिमेंट आणि बाकीचे इफेक्ट बंद करा. मग तीन गोष्टी वाजवा: एकच स्वर सहा सेकंद धरून, सा-रे-ग-म एकमेकांना जोडून, आणि सा वरून ग वर एक मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत जाणं. कीबोर्डात रेकॉर्डर असेल तर रेकॉर्ड करून ऐका. वाजवताना कान आपल्याच बाजूने साक्ष देतो.

एका स्वरात तिसऱ्या-चौथ्या सेकंदापासून एकसारखी घरघर किंवा ठरावीक अंतराने तोच हेलकावा ऐकू आला, तर तो लूपचा दोष. कीबोर्डच्या मेमरीत सूर पूर्ण लांबीचा नसतो, शेवटचा छोटा तुकडा गोल गोल फिरवलेला असतो. याला सेटिंगमध्ये औषध नाही. त्या टोनवर लांब सूर टाळायचा किंवा पेडलने त्याला चढउतार द्यायचा. सलग चार सुरांत प्रत्येक सुराला नवी 'फू' किंवा नवी 'टिण' आली, तर मोनो-लेगाटोचा प्रश्न. मींड मध्येच अडकली किंवा ग पर्यंत पोचलीच नाही, तर बेंड रेंजचा, म्हणजे सूर ओढायचं चाक किती पट्ट्या ओढतं त्याचा. आणि हेडफोनवर तिन्ही ठीक वाटून फक्त मंडपात बिघडत असेल तर टोनला हात लावू नका, सरळ खालचा साउंडचा भाग वाचा.

तक्रार: बासरी पिपाणीसारखी वाजते

पहिलं कारण साधं आहे. बासरीतून एका वेळी एकच सूर निघतो आणि कीबोर्ड बासरीलाही पियानोसारखे एकत्र अनेक सूर वाजवू देतो. जोडून वाजवताना आधीच्या पट्टीवरचं बोट जरा उशिरा उठलं की क्षणभर दोन बासऱ्या ऐकू येतात, आणि कानाला तेवढं पुरतं. टोन एडिटमध्ये मोनो आणि लेगाटो असे पर्याय असतील तर दोन्ही चालू करा. नुसतं मोनो पुरत नाही. लेगाटो बंद असेल तर प्रत्येक सुराला फुंक नव्याने सुरू होते, आणि खऱ्या बासरीत एका फुंकेत दहा सूर जातात. काही मॉडेलांत मोनोचं बटण नसतं, पण मिडीतून (यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायच्या भाषेतून) आलेला निरोप ते पाळतात. कंट्रोल नंबर १२६ मोनो, १२७ पुन्हा पॉली. तेही जमत नसेल तर रिलीज टाइम, म्हणजे बोट उचलल्यावर सूर रेंगाळण्याचा वेळ, कमी करा (नंबर ७२, मधला आकडा ६४ असतो, तो ५० च्या आसपास आणा) आणि आधीचं बोट उचलता उचलताच पुढची पट्टी दाबायची सवय लावा.

दुसरं कारण फुंक. पट्टी किती जोरात दाबली यावर सुराचा जोर एकदाच ठरतो आणि तसाच राहतो. बासरीचा सूर मात्र लागल्यावर फुलतो. म्हणून बासरीसाठी एक्स्प्रेशन पेडल ही चैन नाही, गरज आहे. पेडल व्हॉल्यूमला (नंबर ७) न जोडता एक्स्प्रेशनला (नंबर ११) जोडा. व्हॉल्यूमने साउंडवाल्याने बसवलेला समतोल हलतो. एक्स्प्रेशन त्या व्हॉल्यूमच्या आतल्या आत चढउतार करतं. सूर ६५-७० वर सुरू करा, अर्ध्या सेकंदात ९५-१०० पर्यंत न्या, सोडताना ६० च्या खाली आणून मग बोट उचला. टच रिस्पॉन्स 'फिक्स्ड' ठेवला की बोटाचा जोर मध्ये लुडबुडत नाही.

पेडल लावल्यावर आवाज उलटा चालला, म्हणजे दाबल्यावर कमी आणि सोडल्यावर मोठा, किंवा शेवटच्या टोकालाच एकदम उडी मारली, तर पेडल बिघडलेलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेडलांत जॅकच्या टिप आणि रिंगची जोडणी अदलाबदल असते. पेडलच्या तळाला किंवा कीबोर्डच्या मेन्यूत पोलॅरिटीचा पर्याय बघा. तो नसेल तर टिप आणि रिंग उलटी जोडलेली वायर करून घ्या, सोल्डरिंगचं दहा मिनिटांचं काम आहे. सस्टेन पेडल उलटं चालत असेल तर आधी कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, पाय न ठेवता चालू करा. बरेचसे कीबोर्ड चालू होतानाच पोलॅरिटी ओळखतात. बासरीला सस्टेन पेडल मात्र लावूच नका.

तिसरं कारण कंप. कारखान्यातून येणारा फ्लूटचा टोन पाश्चात्त्य बासरीचा असतो. त्यात सेकंदाला पाच-सहा वेळा थरथरणारा व्हायब्रॅटो आधीच मिसळलेला असतो, आणि अभंगाचा ठाम षड्ज तसा थरथरत नाही. व्हायब्रॅटो डेप्थ (नंबर ७७) खाली आणा, डिले (नंबर ७८) वाढवा, म्हणजे सूर आधी सरळ उभा राहील. कंप हवाच असेल तर सुराच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात मॉड्युलेशनच्या चाकाने द्या. कंप सॅम्पलमध्येच रेकॉर्ड झालेला असेल तर या नंबरांनी तो जाणार नाही. तेव्हा टोनच बदला. यादीतला 'रेकॉर्डर' किंवा 'पॅन फ्लूट' कधीकधी 'फ्लूट' नावाच्या टोनपेक्षा बांबूच्या जवळचा निघतो. जनरल मिडीच्या, म्हणजे टोनच्या ठरलेल्या सर्वसामान्य, यादीत फ्लूट ७४, रेकॉर्डर ७५, पॅन फ्लूट ७६. काही यंत्रं आणि अ‍ॅप शून्यापासून मोजतात, तिथे एकेक आकडा कमी धरा.

सप्तकाची चूक तर सर्रास होते. पांढरी ३ (सा म्हणजे ई) च्या बासरीत सगळी सहा भोकं झाकली की मंद्र पंचम लागतो, म्हणजे मधल्या सी च्या लगतचा खालचा बी. त्याच्या खाली ती बासरी जात नाही. कीबोर्डवर मात्र लोक खर्जातही बासरी घुमवतात, आणि 'हे काहीतरी भलतंच आहे' असं ऐकणाऱ्याला का वाटतं ते त्यालाही सांगता येत नाही. वरच्या बाजूला दोन-अडीच सप्तकांच्या आत राहा.

मींडेसाठी बेंड रेंज आधी तपासा. बहुतेक यंत्रांत ती मूळची दोन अर्धस्वरांची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्यांची असते. सा वरून रे पर्यंतच पोचते, ग ला चार लागतात. बासरीला दोन किंवा तीनच ठेवा. मोठ्या रेंजला चाक जरा हललं तरी सूर हलतो, आणि बासरीत ठाम सूर जास्त, मींड कमी. लांब मींड पोर्टामेंटोने (सूर आपोआप घसरवणाऱ्या सोयीने) घ्या, पण ते कायम चालू ठेवू नका. सगळेच सूर घसरायला लागले की सायरन होतो. नंबर ६५ एखाद्या बटणाला किंवा पायाच्या स्विचला जोडा, हवं तेवढ्यापुरतं दाबा.

आणि श्वास. दहा-बारा सेकंदांहून लांब सलग ओळ वाजवली की ती माणसाची राहत नाही. ओळीच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची फट सोडा. गाण्याच्या अंगाने वाजवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, तालाच्या अंगाने वाजवणाऱ्याला लागतं.

शहनाईला हेच सगळं लागू, फक्त सूर खालून उचलायचा. पट्टी दाबताना चाक किंचित खाली, मग चटकन मध्ये. पण प्रत्येक सुराला नाही, ओळीच्या पहिल्या सुराला आणि न्यासाला, म्हणजे ओळ जिथे थांबते त्या सुराला. यादीतला 'शनाय' (११२) पातळ वाटत असेल तर त्याच्यामागे ओबोचा टोन (६९) निम्म्याहून कमी आवाजात लेयर करून, म्हणजे एकाच पट्टीवर जोडीला लावून, बघा. क्लॅरिओनेटची तक्रार कमी येते, कारण तिचा आवाज मुळातच सरळ आहे. कंप पूर्ण बंद करा आणि सुरुवात मऊ ठेवा, एवढं पुरे.

तक्रार: सतार टिणटिणते

सतारीचा सूर छेडल्यावर फक्त विरतो. तो फुगत नाही. बासरीसाठी लावलेलं एक्स्प्रेशन पेडल सतारीला तसंच चालू राहिलं आणि सूर मध्येच मोठा झाला की भ्रम संपला. सतारीचा टोन निवडल्यावर पेडल पूर्ण दाबलेल्या जागी ठेवा किंवा त्या टोनपुरतं बंद करा.

उलट टच रिस्पॉन्स इथे चालू हवा. मिजराबचा (तार छेडायच्या नखीचा) 'दा' आणि 'रा' सारखा नसतो, दा जड पडतो. वेगात वाजवताना दा ९५ ते १०५ आणि रा ७५ ते ८५ अशा वेलॉसिटीत (पट्टी दाबण्याच्या जोराच्या आकड्यात) ठेवा. सगळे आघात ११० च्या वर गेले की कीबोर्ड सतत सर्वांत कडक सॅम्पल काढतो, टिणटिण येते ती त्याची. फार जोरात बोटं आपटत असतील तर टच 'हार्ड' करा, म्हणजे तेवढ्याच जोराला मऊ थर वाजेल. झाल्यात, म्हणजे शेवटच्या जलद वादनात, एक आघात बाजाच्या (मुख्य) तारेवर आणि तीन चिकारीवर (बाजूच्या लयीच्या तारांवर) असं चालतं. चिकारीचे तिन्ही आघात मुख्य सुराइतकेच मोठे वाजवले तर झाला खणखणाट होतो. ते ६० च्या आसपास असू द्या.

मींड हा सतारीचा जीव आणि कीबोर्डवाल्याची परीक्षा. सतारीवर तार ओढली की सूर चढतोच. पडद्याच्या सुरापेक्षा खाली तार ओढून जाता येत नाही. म्हणून चढती मींड घेताना खालचा सूर दाबा आणि चाक वर न्या. उतरती मींड, समजा प वरून ग, घ्यायची असेल तर सतारिया ग च्या पडद्यावर तार आधीच प पर्यंत ओढून ठेवतो, मग छेडतो आणि सैल सोडतो. कीबोर्डवर नेमकं तेच करा: चाक आधी वर, मग ग ची पट्टी, मग चाक हळू सोडा. प दाबून चाक खाली ओढलं तर सूर तोच येतो, पण प च्या पट्टीचं सॅम्पल खाली ताणलं जातं आणि आवाज ढिला पडतो. पहिल्या पद्धतीत आघात बरोबर ठिकाणचा असतो. चाकाला स्प्रिंग असते, बोट काढलं की ते झटक्याने मध्ये येतं. तो झटका सतारीत नसतो. अंगठ्याने धरून उतरवा.

इथे बेंड रेंज पाच ठेवा. सतारीवर एका पडद्यावरून चार-पाच स्वरांपर्यंत मींड जाते, पण कीबोर्डवर सात-बारा पट्ट्यांची रेंज ठेवली की नेमक्या सुरावर थांबणं अवघड होतं, आणि सॅम्पलही जास्त ताणलं की कार्टूनसारखं वाजतं. रोज दहा मिनिटं तंबोरा लावून सा-ग आणि सा-म ही दोनच ठिकाणं चाकावर बसवा. चाकाच्या बाजूला पेन्सिलीने खुणा केल्या तरी चालतील, कोणी हसणार नाही.

याच चाकाची आणखी एक खोड आहे. बेंड पूर्ण चॅनलला लागतो. मुख्य सूर आणि चिकारी एकाच टोनमध्ये वाजत असतील तर मींडेबरोबर चिकारीही ओढली जाते, आणि हे खऱ्या सतारीत अशक्य आहे. पार्टनिहाय बेंड बंद करता येत असेल तर कीबोर्ड स्प्लिट करा आणि चिकारीच्या भागाला बेंड शून्य द्या. तशी सोय नसेल तर चाक मध्ये असतानाच चिकारी छेडा.

बाकी राहते तरफ. मुख्य तारांखालच्या अकरा ते तेरा तरफांची गुंज कीबोर्डच्या सॅम्पलमध्ये अर्धवटच असते. ती रिव्हर्बने भरून काढायचा मोह टाळा, हॉल रिव्हर्बने सतार देवळात नेऊन ठेवल्यासारखी होते. त्यापेक्षा तोच सतारीचा टोन दुसऱ्या लेयरला घ्या. आवाज पहिल्याच्या पाव हिस्सा, अ‍ॅटॅक मंद, रिलीज लांब. मागे बारीक तंबोरा ठेवा. जवारीचा झणकार मात्र असा बनवता येत नाही. घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो, तार त्याला चाटत थरथरते, त्यातून वरचे नाद एकामागून एक उमलतात. ब्राइटनेस (नंबर ७४) वाढवला की झणकार येईल ही समजूत चुकीची, फक्त किरकिर वाढते. सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराला जवारी काढताना अर्धा तास ऐकलंत तर फिल्टरशी खेळण्यात जाणारे आठ दिवस वाचतील. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते काही उगाच नाही.

मधल्या सी च्या खालच्या एफ शार्पपासून वर साधारण दोन सप्तकं, एवढीच जागा सतारीची समजा.

तक्रार: पेटी अ‍ॅकॉर्डियन होते, नाट्यगीतातला ऑर्गन चर्चमध्ये जातो

पेटीला बेंड नाही, हे आधी लिहून ठेवा. चाकावरचा हात काढा. पेटीला कंप नाही, पट्टीच्या जोराने आवाज बदलत नाही, बोट उचललं की सूर थांबतो. म्हणजे टच बंद (किंवा फिक्स्ड ९० ते १००), रिलीज कमी, सस्टेन बंद, कोरस शून्य. एवढ्यावर निम्मं काम होतं. डाव्या हाताने कॉर्ड धरले की अ‍ॅकॉर्डियन होणारच, कारण पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. एका हातानेच वाजवा.

दोन सुरांच्या पेटीचा भरीवपणा हवा असेल तर तोच टोन एक सप्तक खाली लेयर करा आणि त्याला तीन ते पाच सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) डीट्यून द्या. याहून जास्त दिलं तर बेसूर वाटतं. भाता एक्स्प्रेशनने दाखवा, पण तो ११० वरून ९५ पर्यंतच हलू द्या, दर दोन-तीन सेकंदांनी. बासरीसारखा ६० च्या खाली नेऊ नका, चांगला पेटीवाला भात्याचं रिकामेपण ऐकू येऊ देत नाही.

नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत ऑर्गनची चूक विशेष खटकते. संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे पायाने भाता हलवायचा रीडचा ऑर्गन. कीबोर्डवर 'ऑर्गन' या शीर्षकाखाली पहिले मिळतात ते ड्रॉबार आणि रॉक ऑर्गन, पुढे चर्च ऑर्गन. हे तिन्ही वेगळेच प्राणी आहेत. यादीत २१ नंबरचा रीड ऑर्गन घ्या, लेस्ली किंवा रोटरी (फिरत्या स्पीकरचा) इफेक्ट असेल तर बंद करा. इथे दोन हात चालतात: डाव्याने सा-प धरून उजव्याने गायकामागे जायचं. गायकाने जागा घेतली की ऑर्गनने मागे सरायचं, आणि ते पेडलने.

तक्रार: टोन चांगला आहे, तरी बेसूर वाटतं

कीबोर्डचे बारा स्वर समान अंतरावर आहेत. सतार, बासरी, तंबोरा तसे नाहीत. स्केल ट्यून किंवा मायक्रो ट्यूनचा पर्याय असेल तर सा शून्य धरून शुद्ध ग १४ सेंट उतरवा, शुद्ध ध १६ उतरवा, शुद्ध नी १२ उतरवा, कोमल ग १६ चढवा, कोमल रे १२ चढवा, कोमल ध १४ चढवा, तीव्र म १० उतरवा. शुद्ध म आणि प दोन-दोन सेंटांचे, त्यांना सोडून दिलं तरी चालतं. शुद्ध रे चार चढा. ध च्या बाबतीत रागाप्रमाणे मतभेद होतील, कान तंबोऱ्याला लावा आणि ठरवा.

हे आकडे सा च्या जागेवरून आहेत, पट्टीच्या नावावरून नाहीत. काळी १ (सा म्हणजे सी शार्प) मध्ये वाजवणार असाल तर शुद्ध ग म्हणजे एफ. ट्रान्सपोजचं बटण वापरत असाल तर आणखी सावध. काही मॉडेलांत स्केल ट्यून दाबलेल्या पट्टीला चिकटतं, काहींत ऐकू येणाऱ्या सुराला. तंबोरा लावून सा-ग धरा. लहरी थांबल्या तर जुळलं, जास्तच हेलकावे आले तर चुकीच्या स्वराला आकडा लागलाय.

एक अपवाद महत्त्वाचा. साथीला कीबोर्डसारखीच समान अंतराच्या स्वरांची पेटी असेल तर हे सगळं करू नका, दोघांचे गंधार भांडतील. तिथे फक्त मास्टर ट्यून पेटीला जुळवा. ४४० ऐवजी ४४२ केलं की सुमारे ८ सेंट चढतात, ४४५ केलं की सुमारे २०. पेटी कीबोर्डला जुळवता येत नाही, कीबोर्डच पेटीला जुळवायचा.

तक्रार: घरी उत्तम, मंडपात पत्रा

कीबोर्ड माइकच्या इनपुटला लावलेला असतो, हे पहिलं तपासा. लाइन इनपुटला लावा, किंवा डीआय बॉक्समधून (कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या डबीतून) न्या. कीबोर्डचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा आणि बाकीचं गेन मिक्सरवर. कीबोर्ड कमी आणि मिक्सर पूर्ण असं केलं की सळसळ वाढते.

एकच वायर असेल तर ती 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकलाच हवी. दोन वायरी काढून साउंडवाल्याने दोन्ही एकाच मोनो स्पीकरला दिल्या की स्टिरिओ टोनचे काही नाद एकमेकांना खातात, आणि स्ट्रिंग्ज-पियानो पोकळ वाजतात.

रिव्हर्ब तीन ठिकाणी असतो: कीबोर्डात, मिक्सरवर आणि सभागृहाच्या भिंतींत. कीबोर्डचा (नंबर ९१) २० ते ३० वर आणा. उघड्या मैदानावर थोडा वाढवा, पत्र्याच्या शेडमध्ये शून्य करा. मिरवणुकीच्या साउंडची मांडणी खर्ज आणि तीक्ष्ण सूर फुगवून केलेली असते, त्यावर बासरी टोचते आणि पोटातून रिकामी होते. साउंडवाल्याला सांगून त्या चॅनलला १२० हर्ट्झच्या खाली लो कट घ्या आणि अडीच ते चार हजार हर्ट्झमध्ये तीन डेसिबल कमी करा. शहनाईला मात्र ही कपात नको, तिचं तेज तिथेच असतं.

गुंऽऽ असा आवाज येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणारे भेटतील. तसं कधीही करू नका, ओल्या मंडपात जीवावर बेतेल.

लॅपटॉप किंवा फोनवरचा टोन वाजवत असाल आणि सूर उशिरा येत असेल तर ऑडिओ बफर बघा. ४४,१०० हर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे साडेअकरा मिलिसेकंद, १२८ म्हणजे तीनच्या आत. ब्लूटूथ स्पीकर वाजवायला नाहीच.

तक्रार: ढोलकीची थाप शिवणयंत्रासारखी

एकच सॅम्पल त्याच जोरात पुन्हा पुन्हा. एकाच थापेच्या दोन जवळच्या पट्ट्या असतील तर आलटून पालटून वाजवा, वेलॉसिटी प्रत्येक वेळी दहा-पंधराने हलवा, सम जड ठेवा. रेकॉर्ड केलेला ताल शंभर टक्के क्वांटाइझ करू नका, म्हणजे यंत्राकडून ठोके अगदी काट्यावर बसवून घेऊ नका. खरा ढोलकीवाला मिळत असेल तर त्यालाच बोलवा, हा भाग कीबोर्डला कधीच नीट जमलेला नाही.

स्वतःचे सॅम्पल भरणार असाल तर

रोलँड एक्सपीएस-१० सारख्या यंत्रांत पेनड्राइव्हवरून सॅम्पल भरता येतात. वादकाला मानधन द्या, सॅम्पल कशाला वापरणार ते स्पष्ट सांगा, आणि पंखा बंद करून रेकॉर्ड करा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. माइक फूटभर लांब. बासरीला फुंकेच्या भोकासमोर नको, जरा बाजूला आणि वरून.

दर तीन पट्ट्यांमागे एक सूर घ्या, म्हणजे कुठलाही सूर एका पट्टीपेक्षा जास्त ताणला जाणार नाही. दोन सप्तकांना नऊ सूर, हळू आणि जोरात अशा दोन जोरांत अठरा. बासरीचे पाच सेकंदांचे अठरा सूर म्हणजे दीड मिनिट, सुमारे आठ एमबी. लूप दीड सेकंदानंतर सुरू करा, तो किमान सेकंदभराचा असू द्या आणि टोकं २०० ते ३०० मिलिसेकंद क्रॉसफेड करा, म्हणजे एकमेकांत विरघळवा. काही लहरींएवढा छोटा लूप केला की वर सांगितलेली घरघर तुम्हीच तयार केलीत. सतारीला लूप करूच नका, सहा-सात सेकंद पूर्ण विरू द्या.

कापताना सुरुवातीची शांतता काढा, पण बासरीची पहिली 'फू' आणि मिजराबचा खट ठेवा. तेच काढून टाकल्यामुळे कितीतरी लोकांचे सॅम्पल सिंथसारखे वाजतात. आणि प्रत्येक सूर वेगळा नॉर्मलाइझ करू (ठरावीक आवाजापर्यंत चढवू) नका, सगळे मिळून एकदाच करा. वाद्याचे सूर मुळात कमी-जास्त असतात. ते सारखे केले की आवाज बासरीचा राहतो, वाजवणं राहत नाही.

तक्रार: सगळं जुळवलं, दुसऱ्या दिवशी गायब

टोन बदलला की बेंड रेंज, मोनो आणि पेडलचं काम बऱ्याच कीबोर्डांत मूळ जागी जातं, आणि बंद करून चालू केलं की उरलेलंही. प्रत्येक वाद्यासाठी रजिस्ट्रेशन किंवा यूझर मेमरीचा वेगळा खण करा. पहिला बासरी, दुसरा सतार, तिसरा पेटी, चौथा ऑर्गन. मग कीबोर्ड बंद करा, पाच मिनिटांनी चालू करा, आणि चारही खणांत बेंड रेंज, टच, पेडल आणि स्केल ट्यून उघडून बघा. स्केल ट्यून काही मॉडेलांत खणात जातच नाही. तिथे आकड्यांची चिठ्ठी कीबोर्डच्या पाठीला चिकटवून ठेवा, आणि पेनड्राइव्हवर पूर्ण बॅकअप घ्या.